आप्पांची खळ आणि माझं पिझ्झाचं पीठ

पिझ्झाचं पीठ आता माझ्या हातून एकदासुद्धा बिघडत न्हाय. गल्लीतल्या बायका विचारायला येतात, मी माप सांगते, पाणी किती कोमट ते सांगते. शिकलीस कुठं म्हणून कुणी विचारलं, की मात्र विषय बदलते. आज सांगतेच.

वडगावात आमचं घर विणकरांचं. दोन पॉवरलूम होते ते विकून नवरा कारखान्यात लागला. मागल्या पत्र्याच्या खोलीत सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, हातमाग तेवढा राहिला. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. एका दिवाळीला बाजारातल्या साडीची घडी मोडता मोडता मी बोलून गेले, "वीस वर्षं झाली विणकराच्या घरात येऊन, अंगावर घरच्या मागाची एक साडी न्हाय. दिव्याखाली अंधार म्हणतात त्यो ह्योच!" खरंच होतं ते. आमच्या मागावर उतरलेली प्रत्येक साडी व्यापाऱ्याकडं जायची. आप्पा तिथंच चहा पीत होते.

चारेक महिन्यांनी त्यांनी मागावर वांगी रंगाचा ताणा, म्हणजे उभं सूत, चढवला. मला हाक मारली आणि म्हणाले, "ही तुझी गं." अठ्ठ्याहत्तर वय, एका डोळ्याला कमी दिसायचं, दिवसाला चार बोटं विणून व्हायची. मी गल्लीभर सांगत सुटले. काठ कसला, पदर कसला, सगळं.

आता खळ म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. ताण्याच्या सुताला मैद्याची खळ लावल्याशिवाय ते आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्याचा मार सोसत न्हाय, तटातट तुटतं. मैदा दोन दिवस भिजत घालायचा, आंबला की पाण्यात कालवून शिजवायचा, फडक्यानं गाळायचा आणि कुंच्यानं सुताला लावायचा. आप्पा एकदम सगळ्या ताण्याला लावत नसत. हातभर विणलं की पुढच्या हातभराला. मैदा भिजवायचं काम आमच्यात बायकांचं. सासूबाई होत्या तोवर त्यांचं, मग माझं. आप्पांनी माझ्या स्वैपाकघरातल्या डब्याला कधी हात लावला न्हाय.

माझी साडी थोडी विणून झाली, त्या आठवड्यात ते म्हणाले, "खळ संपली गं. जरा मैदा भिजव."

"व्हय आप्पा, भिजवते."

दोन दिवसांनी परत म्हणाले. परत मी व्हय म्हणाले. तिसऱ्यांदा रिकामं पातेलं घेऊन स्वैपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी मोबाईलवर व्हिडिओ बघत होते. "भिजवते म्हटलं न्हवं!" म्हणून खेकसले. आणि माझ्या हातात त्या वेळी काय होतं? मैद्याचाच पुडा. पिझ्झासाठी आणलेला.

त्याचं असं झालं, माझी मुलगी दहावीत. रविवारी तिच्या चार मैत्रिणी जेवायला येणार होत्या आणि हिनं वर्गात फुशारकी मारून ठेवली होती, माझी आई घरीच पिझ्झा करते म्हणून. आईनं तोवर पिझ्झा खाल्लेला दोनदा! पहिल्या खेपेला मी ज्वारीच्या पिठाला ओततो तसं उकळतं आधण यीस्टवर ओतलं. जन्मभर भाकरी थापलेला हात, त्याला दुसरं काय सुचणार? पीठ फुगायचं दूरच, भाजल्यावर पाट्याचा वरवंटा झाला. दुसऱ्या खेपेला थंडीनं पीठ फुगलंच न्हाय. मग तिसऱ्या खेपेला मी शनिवारी दुपारीच मळलं, चांगलं सैल, तेल साखर मीठ घालून. स्टीलच्या पातेल्यात ठेवलं, वर ओलं फडकं टाकलं, आणि मागाच्या खोलीत फळीवर नेऊन ठेवलं. तिथला पत्रा दुपारचा तापतो ना, उबेला बरं. रविवारी सकाळी फडकं उचलून बघितलं तर पीठ काठापर्यंत आलेलं, वर बुडबुडे, आंबूस वास. मला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात चीज न्हाय घरात हे आठवलं, म्हणून स्कूटर काढून खासबागच्या बाजारात गेले.

परत आले तर मैत्रिणी येऊन बसलेल्या. मागच्या खोलीत गेले. पातेलं घासून पालथं घातलेलं. आप्पा ताण्यावर वाकून कुंचा फिरवत होते, आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होते. सासूबाई गेल्यापासून त्यांचं गुणगुणणं मी ऐकलं नव्हतं. मला बघून म्हणाले, "लई बेस भिजवलीस गं. जरा तार सुटत हुती, पण परसातल्या चुलीवर शिजवून, गाळून घेतली."

"अवो आप्पा, खळ न्हवं ती! पोरीच्या पिझ्झाचं पीठ हुतं! उभा जन्म मैद्यात गेला तुमचा, एवढं कळंना? चारचौघीत पोरीची अब्रू घालवलीसा. गप एका जागी बसायला काय हुतंय तुम्हाला?"

मुली दारात येऊन बघत होत्या. एक फिसकन हसली. आप्पांनी आधी त्या मुलींकडं बघितलं, मग हातातल्या कुंच्याकडं.

"चुकलं गं," ते म्हणाले. "मला वाटलं, तू माझ्यासाठी भिजवलीस."

का नाही वाटणार? तीनदा मागितलं होतं, तीनदा मी व्हय म्हणाले होते. माग त्यांचा, फळी त्यांची, फडक्याखाली आंबलेला मैदा. दुसऱ्या कुणासाठी असणार तो? हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या कळलं, अगदी त्याच क्षणी. तेव्हा 'आप्पा, माझंच चुकलं' एवढं म्हणायचं होतं. पण पोरी बघत होत्या, मला माझा तोरा आवरला न्हाय. मी तणतणत बाहेर आले आणि बेकरीतून तयार पिझ्झा बेस आणवले. पोरींनी मिटक्या मारत खाल्लं. आप्पांनाही एक तुकडा दिला. कवळी काढून त्यांनी मधला मऊ भाग तेवढा खाल्ला आणि म्हणाले, "चांगलं झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताण्यावर मुंग्यांची रांग. साखर होती ना त्यात! तेलानं सूत कुठं ओशट, कुठं एकमेकाला चिकटलेलं. आप्पा दोन दिवस तुटलेली टोकं सांधत बसले. एक सांधलं की दोन तुटायची. त्याच सोमवारी मी न सांगता मैदा भिजत घातला होता. बुधवारी आंबल्यावर शिजवून, दोनदा गाळून, गार करून त्यांच्यापुढं नेऊन ठेवला. वरातीमागून घोडं. त्यांनी तोवर कात्रीनं ताणा कापून काढला होता. दीड हात विणून झालेलं कापड घडी करून मांडीवर ठेवलेलं.

"राहू दे गं आता," म्हणाले. "हात बी चालंना."

ती खळ दोन दिवसांनी मी मोरीत ओतली. आप्पा भांडले असते, तीनदा मागितली तेव्हा कुठं होतीस म्हणाले असते, तर मला बरं वाटलं असतं. भांडणात मी कुणाला हार जात न्हाय. पण ते बोललेच न्हायत. त्यानंतर दीड वर्ष होते आणि तेवढ्या दीड वर्षात त्यांनी माझ्याकडं काही म्हणजे काही मागितलं न्हाय. पाणीसुद्धा स्वतः उठून घ्यायचे, पेला विसळून पालथा घालायचे. मी रोज ठरवायची, आज बोलायचं. आज पाहुणे आहेत, आज त्यांना खोकला आहे, उद्या बोलू. एका पहाटे ते झोपेतच गेले. जिभेला हाड नसतं म्हणतात, मग एवढे चार शब्द उचलायला तिला इतकं जड का व्हावं?

दीड हात वांगी कापड माझ्या कपाटात आहे. पोलकंसुद्धा होत न्हाय त्याचं.

परवा मुलीचा फोन आला. ती आता पुण्यात शिकते, दोघीतिघी मिळून खोली केली आहे. "आई, पिझ्झाचं पीठ करायचंय, पहिल्यापासून सांग."

"आधी बघ, घरात कुणी तुझ्याकडं काय मागितलंय का. मागितलं असंल तर ते करून दे. मग मैद्याला हात लाव."

"अगं, पीठ विचारतेय मी. हे काय मधेच?"

"काही न्हाय," मी म्हटलं. "पाणी कोमट घे. उकळतं ओतू नकोस."