त्यांच्यात पाठवत नाहीत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. तुम्ही तिला ओळखत नाही, एवढंच बरं वाटतंय.

नसरीन तिचं नाव. अकरावी-बारावी आम्ही एका बाकावर काढली. डबा ती माझ्याआधी उघडायची, तोही माझाच. आवाज असा, की ग्राउंडवर बोलली तरी वर्गात ऐकू यायचं. त्या आवाजाची मला इतकी आठवण येते, की कधीकधी भर बाजारात मी उगाच मागे वळून बघते.

बारावीला कॉलेजात नेतृत्व प्रशिक्षण सुरू झालं, दर रविवारी. गट पाडायचे, गटाला काम द्यायचं, आणि कोण पुढे होतं ते मॅडम वहीत टिपणार. शेवटी एकीला चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात महिनाभर इंटर्नशिप. पुढे कोण होणार? नसरीनच. आमच्या गटाच्या रक्तदान शिबिराला कुणी फिरकेना, तर ही बाई रिक्षा स्टँडवर गेली आणि चौदा रिक्षावाले घेऊन आली. मी काय करत होते? त्यांची नावं लिहून घेत होते.

यादी लागायच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. तिची मैत्रीण म्हणून. "नसरीनचं नाव निवडलंय. पण रोज चिंचोळीला जायचं, तिच्या घरचे पाठवतील ना गं?"

मला माहीत होतं की! तिचे अब्बा चिंचोळीला कामगारांची गाडी चालवायचे. पुढची सीट त्यांनी लेकीसाठी आधीच धरून ठेवली होती, तिनंच मला हसत हसत सांगितलं होतं. आणि मला हेही माहीत होतं — म्हणजे दिसतच होतं, कागद टेबलावर होता — की तिच्याखालचं नाव माझं आहे.

"त्यांच्यात पाठवत नाहीत, मॅडम."

कुणी शिकवलं होतं मला असं बोलायला? कुणीच नाही, येता-जाता कानावर पडलेलं. 'नसरीनच्या घरी' म्हटलं असतं, तर मॅडमनी निदान एक फोन केला असता. 'त्यांच्यात' म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि रेघ मारली.

यादी लागली तेव्हा पहिली टाळी तिची. संध्याकाळी तिचे अब्बा आमच्या दारात. "बेटी, गाडी जातीच की तिकडं. सीट रिकामीच हाय. बसची कटकट कशाला?" आणि मी बसले. महिनाभर बसले, तिच्या जागेवर. नको म्हणता आलं नसतं का? आलं असतं.

परतताना ते मला आधी त्यांच्या घरी न्यायचे. ती दारातच उभी असायची. आज काय शिकवलं, साहेब काय म्हणाले, मशीन बघू दिलं का — सगळं विचारायची, आणि मी चहा पीत ऐटीत सांगायचे. खरं सांगू? त्या संध्याकाळी मला फार आवडायच्या. त्याआधी ती कधीच इतकी माझ्या तोंडाकडे बघत बसली नव्हती. आजही जीव तिकडेच ओढ घेतो, आणि याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्यानंतर ती गप्प होत गेली. गॅदरिंगला नाव दिलं नाही. वर्गात हात वर करेना. आपलं "दुसऱ्या कुणाला तरी द्या की." मी मात्र आता त्याच कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते.

या ईदला तिच्या घरी गेले होते. शीरखुर्म्याची वाटी हातात देता देता ती म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच — "ए, मॅडम तुला कधी काय बोलल्या का गं? माझं कुटं चुकलं होतं? मी लई बोलत होते, व्हय?"

इतकं हळू बोलली, की ऐकायला मला पुढे वाकावं लागलं.

सांगायची हीच वेळ होती. घरात आम्ही दोघीच होतो.

"लई नाही गं," मी म्हटलं, "थोडंसं."

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि माझ्या वाटीत अजून थोडे बदाम घातले.