मोकळी जमीन

निघाले त्या सकाळी आबांनी मला नमस्कार करू दिला नाही. मी वाकले तसे पाय मागे घेतले. अंगणात जीप उभी होती, माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, बॅगा टपावर बांधल्या होत्या, आई दह्याची वाटी घेऊन दारात थांबली होती. आणि अरुण, तू जीपला टेकून गंमत बघत होतास. आबा म्हणाले, "जायचं तर जा. पण तिथल्यांनी बोलावलं म्हणून गेले, असं कुणाला सांगू नकोस. कुणी कुणाला बोलावत नसतं." मी दही न खाताच जीपमध्ये बसले. जीप मुंबईच्या विमानतळाकडे निघाली.

आता तू नातेवाइकांत सांगत फिरतोस की ताईला सिंगापूरचं वारं लागलं आणि तिने बापाची जमीन उधळली. म्हणून काय घडलं ते लिहिते. तिकडे राहिलेल्यांनी वाचावं, माझ्यासारखं निघून आलेल्यांनीही वाचावं. तुझी समजूत काढायला मी बसलेली नाही.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. श्रीकांत बँकेच्या आयटीत, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर. फ्लॅट शोधताना एजंट फोनवर आमचा आवाज ऐकूनच, वाक्याला इथलं 'लाह'चं शेपूट लावत विचारायचा, "इंडियन? ओनर डोन्ट वाँट, लाह. कुकिंग स्मेल." शेवटी तोआ पायोह भागात एक जुना फ्लॅट मिळाला. मी फोडणी घातली की शेजारच्या बाई त्यांची खिडकी धाडकन लावायच्या. मग मी आमची त्याहून जोरात लावायचे. "अगं, त्यांचं गाव आहे," श्रीकांत म्हणायचा. त्या वाक्याचा मला संताप यायचा. लहानपणी ते फार ऐकलं होतं.

पुण्यात मी इतिहास शिकवायचे. इथे अमेरिकन अभ्यासक्रमाच्या एका खाजगी शाळेने मला आठवीला घेतलं. विषय, अमेरिकेचा इतिहास, पहिल्या वसाहतींपासून पश्चिमेकडच्या विस्तारापर्यंत. मीही मुलांच्या बरोबरीने शिकत होते. जहाजांतून आलेली माणसं पहिल्या हिवाळ्यात उपासमारीने मेली, उरलेल्यांना तिथल्या लोकांनी मका पेरायला शिकवला, आणि पुढच्याच पिढीत त्यांच्यावरच बंदुका रोखल्या गेल्या. चेरोकी नावाच्या रेड इंडियन लोकांनी तर स्वतःची लिपी केली, वर्तमानपत्र काढलं, थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकलेसुद्धा. तरी सैनिकांनी त्यांना घरांतून काढून पश्चिमेला हाकललं. पुस्तकात याला एक पान. पुढे पश्चिमेला वस्ती करायला निघालेल्या गोऱ्यांच्या कापडी छताच्या गाड्यांची पानंच्या पानं, आणि त्या गाड्या जिकडे निघाल्या ती म्हणे मोकळी जमीन.

तो शब्द वाचला आणि माझं डोकं फिरलं. मी पुस्तक मिटलं आणि वर्गाला आमचं सांगितलं. आमचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलंय. मी तिसरीत होते. सरकारी माणसाने देवळासमोर उभं राहून सांगितलं, खाली माळावर तुम्हाला जमीन मिळेल, मोकळीच आहे. मग ट्रक आले.

दोन दिवसांनी एका मुलीची आई शाळेत आली. उंच, नीटनेटकी अमेरिकन बाई. विभागप्रमुखांसमोर मला म्हणाली, "एमिली घरी येऊन रडली. आमचे पूर्वज त्या गाड्यांतून गेले. ते चोर होते का?" मग हसून म्हणाली, "आणि माफ करा, पण तुम्ही दुसऱ्या प्रकारच्या इंडियन आहात." विभागप्रमुखही हसले.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मी विचारलं. विभागप्रमुख टेबलावरचे कागद आवरू लागले.

रविवारी हे सगळं मी आबांना फोनवर सांगितलं, जरा ऐटीतच. ते म्हणाले, "आणि दादूचं सांगितलंस का?"

दादू कोण, हे तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना सांगते. आम्हाला माळावर जी जमीन मिळाली ती सरकारने दादूच्या रानातून काढून घेतलेली होती. त्याच्या घरच्यांनी आईला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. पेरणीला दादू बांधावर येऊन उभा राहायचा आणि शिव्या द्यायचा. आपल्या घरात राक्षस म्हणजे तोच.

"त्याचं काय सांगायचं?" मी म्हणाले.

"ती जमीन मोकळी नव्हती म्हणतेस. मग आपली तरी कुठं होती?" आबांनी फोन ठेवून दिला.

सोमवारी वर्गात दादूचंही सांगितलं. एमिलीने हात वर केला. "म्हणजे तुमचे वडील त्या गाडीत होते?"

"हो. हाकललेले तेच, आणि गाडीत बसून आलेलेही तेच."

तिला कळलं होतं. तिच्या आईला कळलं नाही. ती आणखी चार पालक घेऊन आली, ही बाई वर्गात घरचं राजकारण आणते म्हणून. वर्षअखेर माझं काँट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. "यू आर अ गुड टीचर, बट..." विभागप्रमुख म्हणाले. पुढचं ऐकायला मी थांबले नाही. घरी श्रीकांत म्हणाला, "गप्प बसायला काय झालं होतं तुला?"

पुढे आबा गेले, मी गावी आले. दहाव्याला दादूचा मुलगा महादेव आला, मांडवाच्या बाहेरच उभा राहिला. "जमीन विकणार असाल तर आधी आम्हाला विचारा," एवढंच म्हणाला. तू तोवर ती जमीन एका गोदामवाल्याला विकायचा शब्द देऊन बसला होतास. भरल्या मांडवात तू ओरडलास, "तुझ्या बापानं माझ्या आईला विहिरीवरनं हाकललं. चालता हो!"

मी त्याला परत बोलावलं. माझ्या वाट्याचा तुकडा पुनर्वसनाच्या जमिनीला लागते ती सरकारी परवानगी काढून त्याच्या नावावर केला. "तिकडे बसून दानशूर व्हायला तुझं काय जातंय?" तू म्हणालास, आणि या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस असंही म्हणालास. महादेवने तरी कुठे गोड बोलून घेतलं? कचेरीच्या पायरीवर तो म्हणाला, "आमचंच होतं हे. आभार मानणार नाही."

"मानू नका," मी म्हणाले. त्या दिवसांत मला पटलेलं त्याचं ते एकच वाक्य होतं.

आता आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी आहोत. बिशान भागात स्वतःचा फ्लॅट आहे. मी घरीच ट्यूशन घेते. आमची रेवा इथेच जन्मली, गावाचं नाव काढलं की म्हणते, "मम्मी, होम इज हिअर, लाह." मी तिच्याशी वाद घालत नाही. इथली घरं नव्व्याण्णव वर्षांच्या करारावर मिळतात, मग जागा परत सरकारची. श्रीकांतला ते खुपतं, त्याला कायमचं हवं असतं. मला नाही खुपत. आबांना कुणी आधी सांगितलं नव्हतं, दादूलाही नाही. या घरातून निघायचं कधी, ते मला घेतानाच सांगितलंय.

तू कधी आलास तर जेवायला वाढीन, अरुण. राहा म्हणणार नाही.