थायमसच्या तुकड्याचं भांडण

माझा राग अजून गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

नातीच्या तान्ह्या पोराच्या काळजाला भोक होतं. ऑपरेशनसाठी मोठ्या दवाखान्यात निघायचं म्हणून मी माझ्या हट्टा गावाहून सेनगावला तिच्या सासरी गेले. जीप दारात उभी, पिशव्या भरलेल्या, आणि ओसरीवर भांडण पेटलेलं. तेही काळजावरून नाही, एका तुकड्यावरून!

छातीच्या हाडामागे, काळजाच्या पुढ्यात थायमस नावाची ग्रंथी असते. लहान लेकरात ती इतकी मोठी असते, की काळजापर्यंत पोचायला तिचा थोडा भाग काढावाच लागतो. तो तुकडा एरवी दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो आणि जाळला जातो. डॉक्टरांनी विचारलं होतं, हरकत नसेल तर अभ्यासाला द्या. लेकराचं नाव लावणार नाही, जास्तीचं काही कापणार नाही. संमतीचा कागद त्यांनी बापाच्या हाती दिला, बापानं तो आपल्या बापाच्या हाती दिला. जिनं जन्म दिला ती नुसती बघत उभी.

"लेकराच्या अंगातलं परक्याच्या हाती द्यायचं न्हाई," नातीचा सासरा म्हणाला. "घरी आणायचं अन् शेतात पुरायचं. नाळ पुरली तसं."

आमच्याकडे नाळ, वार अशीच पुरतात. परक्याला सापडली तर करणी होते म्हणे. मी तरी काय कमी होते? माझ्या पहिल्या बाळंतपणात वार परसात पुरली, आणि कुत्रं उकरेल म्हणून ही ओली बाळंतीण हातात काठी घेऊन त्या मातीपाशी राखण करत बसली. आत लेकरू भुकेनं टाहो फोडून राहिलं, आणि ही बया बाहेर हाड् हाड् करून राहिली! सासूनं दंडाला धरून आत ओढलं, तरी मान मागंच वळलेली. आज ती पोरगी भेटली तर तिचीच काठी तिच्या पाठीत घालीन.

नात बीएस्सी झालेली. सासऱ्याला नाही, मला सांगत होती, पण मोठ्यानं. "आजी, आपलं राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी थायमसात तयार होतात. तिथल्या दुसऱ्या पेशी त्यांना डोळ्याचा, कातडीचा, आतड्याचा, सगळ्या अंगाचा नमुना दाखवतात. जी आपल्याच नमुन्यावर धावून जाते, ती बहुतेक तिथंच मरते. जनुकं सगळ्याच पेशींत सारखी असतात, पण सगळी चालू नसतात. कुठल्या पेशीत कुठली चालू अन् कुठली बंद, हेच त्यांना त्या तुकड्यातून वाचायचं आहे."

"वाचून काय होणार?" सासरा गुरकावला.

"माझी आई कशानं गेली ते तरी कळंल कधी."

तिची आई म्हणजे माझी लेक. तिच्या राखणदार पेशी तिच्याच अंगावर उठल्या. गालावर लाल चट्टे, सांधे सुजलेले, शेवटी मूत्रपिंडं गेली. आणि गाव म्हणत राहिलं, बाहेरचं आहे, उतारा करा. ते आठवलं आणि माझं डोकंच फिरलं.

"पाव्हणं, पोटात वागवलं हिनं, अन् तुमी हिला विचारीना काहून?"

"आजी, तुमी मधात बोलू नका. आमच्या घरातला मामला हाय."

"मंग मी काय गोठ्यातून आले का? अन् दवाखाना तुमाला तो तुकडा डब्यात भरून देणार न्हाई. जाळून टाकणार. धूर पुरता का शेतात?"

नातजावई हसला, मग बापाकडं पाहून पिशव्या उचलू लागला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तेवढ्यात नातीनं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं, सासऱ्याच्या हातातून कागद घेतला, जीपच्या बॉनेटवर टेकवून सही केली. सासरा जीपमध्ये बसलाच नाही. पोराचं काळीज फाडायला निघालेलो, आणि याला रुसायला फुरसत!

पोरगं वाचलं. आता रांगून राहिलंय. परवा मी गेले तर ओसरीवर पाव्हणे बसलेले, आणि सासरा छाती काढून सांगतोय, "आमी नातवाची ग्रंथी अभ्यासाला देली. ज्ञानाच्या कामात मागं राहून चालत न्हाई."

माझ्या कानशिलात आग झाली. "व्हय," मी म्हणाले, "अन् सही कोणी केली तेवढं बी सांगा की."

तो खोकला. पाव्हणे चहाच्या कपात बघू लागले. नात पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. मला वाटलं, खाली मान घालून आत जाईल.

तिनं तांब्या खाली ठेवला. "मी केली," म्हणाली, आणि तिथंच उभी राहिली.