अर्धी बाही

शिवणकाम करणाऱ्या सासूबाई दिवसाची शेवटची शिवण कधीच पुरी करत नसत. बाही अर्धी शिवून तशीच मशीनच्या सुईखाली ठेवायच्या. मग सकाळी सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच नसायचा. बसलं की पाय आपोआप चालायचा. तीस वर्षं गणवेशांचे ढीग त्यांनी असेच उपसले होते.

सून मात्र दोन वर्षं अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायच्या नुसत्या बाता मारत होती. परीक्षेचा अर्ज फ्रिजवर धूळ खात पडला होता. एका सकाळी तो तिला ओट्यावर दिसला, शेजारी पेन. पहिल्या चौकटीत सासूबाईंनी तिचं नाव लिहिलं होतं, अर्धंच, आणि तेही वाकडंतिकडं.

"आई, हे काय करून ठेवलंत?" ती करवादली आणि तिने चिडूनच नाव पुरं केलं. मग जन्मतारीख लिहिली. मग पत्ता. दूध उतू गेलं तेव्हा फक्त फोटोची चौकट उरली होती.

"फोटो उद्या काढते," ती म्हणाली.

"काढ की," सासूबाई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या. "फोटोसाठीचे कपडे तेवढे आत्ता खुर्चीवर काढून ठेव. आणि एकाच बाहीला इस्त्री कर."