केकशेजारी न ठेवलेलं पत्र

पाण्याला यित्स्के कधी घाबरली नाही. फ्रीसलंड या डच प्रांतातल्या तिच्या गावची निम्मी पोरं तिनेच पोहायला शिकवलेली, तीही अंगात कपडे आणि पायात बूट घालून. कालव्यात पडणारं पोर काय पोहण्याचे कपडे घालून पडतं? पोरं तिच्या छातीवरचे बारीक निळे ठिपके बघून ओरडत, "बाई, शाई लागलीय!"

"लागू दे. तू पाय मार!"

ते ठिपके सतराव्या वर्षी गोंदलेले. लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला होता. रेडिएशन नेमक्या जागी पडावं म्हणून खुणा केल्या होत्या. पोरगी बरी झाली. डॉक्टर "आता यायची गरज नाही" म्हणाले तो चौदा मार्च आईने तिकडच्या रीतीप्रमाणे संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर लिहून टाकला, आणि तेव्हापासून दर चौदा मार्चला आईकडे केक.

यंदा यित्स्के चव्वेचाळीस वर्षांची. केक कापून झाला आणि आईने, म्हणजे तिच्या मेमने, तीन पाकिटं तिच्यापुढे ठेवली.

"हॉस्पिटलची आहेत. इथल्या जुन्या पत्त्यावर आली. पहिलं तीन वर्षांपूर्वी, नेमकं आजच्याच दिवशी. मी वाचलं. केकशेजारी कसं ठेवू गं ते? म्हटलं, उद्या सांगू."

"उद्या? मेम, तीन वर्षं झाली!"

"शेजारची आफ्के गेली ना परवा, स्तनाच्या कॅन्सरने. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही माझ्या."

पत्र साधं होतं. कोवळ्या वयात छातीला रेडिएशन घेतलेल्या बायकांना वीस-तीस वर्षांनीही स्तनाच्या कॅन्सरचा धोका मोठा असतो, दरवर्षी एमआरआय करून घ्या. आणि यित्स्के, पन्नाशीला सगळ्या बायकांना येतं ते सरकारी तपासणीचं बोलावणं येईल म्हणून निवांत बसलेली! ज्या रेडिएशनने जगवलं, तेच आत दबा धरून बसलं होतं की काय?

एमआरआयची तारीख दोन आठवड्यांनी मिळाली. त्या दोन आठवड्यांत तिने स्वतःला इतकं चाचपलं की कातडी दुखायला लागली. कधी गाठ लागायची, कधी नाही. पोरांना पोहायला शिकवताना ती एक-दोन-तीन मोजतानाच चुकायची. मेमचा फोन आला की उचलायची नाही. इतकी चिडली होती की मेम समोर आली असती तर काय बोलली असती, देव जाणे.

एमआरआय झाला, त्यात काहीतरी दिसलं. मग सुई घालून तपासायला तुकडा काढला. रिपोर्टच्या दिवशी मेम न बोलावता हॉस्पिटलात आली, पण आत यायची हिंमत झाली नाही. बाहेर बाकावर पर्स घट्ट धरून बसली.

कॅन्सर होता. अकरा मिलिमीटर. "लवकर सापडला, बरा होण्यासारखा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण नुसती गाठ काढली तर रेडिएशन द्यावं लागतं, आणि छातीला ते पुन्हा नको. स्तन काढावा लागेल."

"गेल्या वर्षी दिसला असता?"

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "बहुतेक हो."

बाहेर मेम उठून उभी राहिली. लेकीचा चेहरा बघून काय ते समजली. "एकच सांग," ती म्हणाली, "मी पत्र दिलं असतं तर आधी कळलं असतं?"

नाही म्हणावं, असं क्षणभर यित्स्केच्या ओठावर आलं. पण खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"हो मेम. कळलं असतं."

म्हातारी पुन्हा बाकावर बसली. यित्स्के तिच्याशेजारी बसली.

"ऑपरेशनला तू ये," ती म्हणाली. "मला फार भीती वाटतेय गं."