लाल ठिपक्याचे सहा पेले

प्रभुभोजनाचे पेले भागीरथीबाई एकटीच घासत असे. चर्चच्या मंडळीत बायका कमी नव्हत्या, पण हे काम तिचं, हे ठरूनच गेलं होतं. आधी ते तिच्या आत्याचं होतं, त्याच्याही आधी पणजीचं. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पत्र्याचं प्रार्थनामंदिर, त्यामागे दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत नवरा गेल्यापासून एकटी राहणारी एकाहत्तर वर्षांची भागीरथीबाई उजागरे. मुलगा कल्याणला. "आई, चल इकडे," असा त्याचा दर महिन्याला फोन येई आणि ही दर महिन्याला म्हणे, "बघू रे, पावसाळा सरू दे."

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी घ्यायची भाकर आणि द्राक्षरस. मनुका उकळून रस तीच करायची. सप्टेंबरातल्या त्या रविवारी भक्ती आटोपली, मंडळी पांगली आणि ती मोरीशी बसून बोटभर उंचीचे स्टीलचे पेले धुऊन उपडे घालू लागली. एकाच्या बुडाला लाल ठिपका होता. नखांना लावतात त्या पॉलिशचा.

तसा तो तिला नवा नव्हता. तीन महिने ती तो बघत होती. लग्नाकार्यात आपली भांडी ओळखू यावीत म्हणून बायका लावतात, तसलं काही असेल म्हणून तिनं मनावर घेतलं नव्हतं. पुढच्या रांगेत बसणाऱ्या नम्रतानंच सांगितलं होतं, "ठिपकेवाले ताटात मागच्या बाजूला लावत जा हं मावशी, मोजायला बरं पडतं." आणि ती निमूट तसे लावत आली होती. ताट पुढच्या खुर्च्यांपासून निघे. पुढचे लोक पुढचे पेले उचलत, मागचे राहिलेले.

आज तिनं ठिपके मोजले. सहा. मागच्या सतरंजीवर बसणारी माणसं तिनं मनातल्या मनात मोजली. गोजर, तिचा नवरा चंदर, चंदरची आई, भाऊ, भावजय आणि म्हातारा धाऊ. वाडीवरचे कातकरी. तीही सहाच.

हातातला पेला तिनं राखेनं पुन्हा घासला. ठिपका निघाला नाही. तिला सगळ्यात जास्त बोचलं ते हे, की तीन महिने हे ताट तिच्याच हातांनी लावलेलं होतं.

कपाटात खालच्या फळीवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला एक मोठा पेला होता. चांदीचा मुलामा कधीच उडालेला, एका अंगाला पोचा. शंभरावर वर्षं सगळी मंडळी त्या एका पेल्यातून प्यायली. करोना आला तसा तो कपाटात गेला आणि छोटे पेले आले. तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं. करोना गेला, मोठा पेला मात्र बाहेर आला नाही.

त्या पेल्याची गोष्ट घरात सांगितली जायची. पणजी मोठ्या दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेली पोर. मिशनच्या साहेबानं शाळा काढली, मुलींना मुलांच्या रांगेत बसवलं, विहीर सगळ्यांना मोकळी केली. पण वरच्या आळीतल्या दोन घरांनी बाप्तिस्मा घेतला आणि महारवाड्यातल्यांच्या मागून पेल्याला तोंड लावणार नाही म्हणून अडून बसली. साहेब दमला होता. म्हणाला, काही दिवस दोन पेले ठेवू, हळूहळू शिकतील. दुसऱ्या दिवशी पणजीनं तो दुसरा पेला नेला आणि पाणी भरून कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवला. साहेब बघायला आला. कोंबड्या पाणी पीत होत्या. तो टोपी घालून परत गेला. दुसऱ्या पेल्याचं नाव पुन्हा निघालं नाही. ती दोन घरं मंडळी सोडून गेली.

आत्या पुढे बायबलबाई झाली. खांद्यावरच्या पिशवीत एका कप्प्यात शुभवर्तमान आणि दुसऱ्या कप्प्यात तापाच्या गोळ्या नि कोरे कागद. वाडीवाडीवर जाऊन अर्ज लिहायची. म्हणायची, "हीसुद्धा प्रार्थनाच गो, फक्त तहसीलदाराच्या नावानं." भागीरथीनं तेच चालवलं. गोजर तिच्या ओट्यावर पहिल्यांदा आली ती रेशनकार्डाच्या अर्जासाठी. गाणी ऐकत दाराशी बसू लागली. मग एका रविवारी सगळं घर घेऊन आली आणि बाप्तिस्मा घेतला. पहिल्या दिवशी सहाही जणं आपण होऊन सतरंजीवर बसली. खुर्च्या रिकाम्या होत्या. उठा, वर बसा, असं कोणी म्हटलं नाही. भागीरथीनंही नाही.

संध्याकाळी नम्रता डबा परत न्यायला आली. वाशिंदच्या नव्या सोसायटीत राहणारी, नवरा हितेश कारखान्यात सुपरवायझर. वाईट बाई नव्हे. गेल्या साली भागीरथीला डेंगू झाला तेव्हा दोन दिवस उशाशी बसून पेज भरवणारी हीच.

"मावशी, मी जातबीत मानत नाही हं," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्याला खोकला आहे. माझं लहान मूल आहे घरात."

"मग धाऊच्या पेल्याला एक ठिपका पुरला असता. सहा कशाला?"

नम्रतानं डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. "तुम्ही असं बोलाल असं वाटलं नव्हतं," एवढं म्हणून ती गाडीत जाऊन बसली.

मंडळीची भक्ती चालवणारा पाळक किशोर तिशीतला, मऊ आवाजाचा. त्याच्यापुढे भागीरथीनं तो पेला उपडा करून ठेवला.

"मावशी, मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"कळतं म्हणूनच तुम्हाला विचारते."

"गेल्या महिन्यात दोन जण मोटारसायकलवर आले, फोटो काढून गेले. कातकऱ्यांना आमिष दाखवता म्हणाले. तुमचे ते अर्ज, ते दाखले, सगळ्यावर नजर आहे. वाशिंद-आटगावचे चार बरे लोक येतात म्हणून कोणी हात लावत नाही. ते गेले तर इथं कुलूप लागेल."

"आणि हे ठिपके राहिले तर?"

किशोरनं पेला सरळ केला आणि तिच्याकडे सरकवला.

ऑक्टोबरात तिनं प्रभुभोजनाला अंग चोरलं. ताप आहे म्हणाली. ताप नव्हता. पण घरात पडून राहण्यानं काही सुटत नाही हेही तिला कळत होतं. दिवाळी तोंडावर आली, दिवाळीनंतर सगळी वाडी वीटभट्टीवर कामाला जाणार. त्याआधीचा एकच पहिला रविवार उरला होता. शनिवारी ती टमटमनं तानसाच्या बाजूला वाडीवर गेली. गोजर नाचणी पाखडत होती.

"उद्या सगळी या गो. एकाच पेल्यातनं देणार आहे. मोठ्या."

गोजरनं सूप खाली ठेवलं. "ठिपक्यांचं कळलं का काय तुमाला?"

भागीरथी तिच्या पुढ्यात बसली. "तुला ठाऊक होतं?"

"पयल्याच टायमाला. असलं आमच्या नजरंतून सुटत नाय, बाय."

"मग बोलली का नाहीस?"

"रेशनकार्ड व्हयाचं हुतं." ती सहज म्हणाली. मग भागीरथीचा चेहरा बघून जरा खालच्या आवाजात, "गाणी बी आवडतात. ते खोटं नाय."

भागीरथीनं तिला पणजीची, खुराड्यातल्या पेल्याची गोष्ट सांगितली. गोजर तोंडावर पदर धरून हसली. "कोंबड्या बाटल्या म्हनायच्या मंग!" आतून चंदरही हसला. हसू ओसरल्यावर गोजर म्हणाली, "आमी येऊ. पन म्होरल्यांनी आदी प्यायला पायजे. त्ये प्यायले त आमी पिऊ. नायतर भांडान आमच्या नावावर नको."

"पितील," भागीरथी म्हणाली. परतताना सबंध रस्ता तिला त्या एका शब्दाचं ओझं वाटलं.

रविवारी टेबलावर पांढरं फडकं होतं. किशोरनं ते उचललं आणि खाली छोट्या पेल्यांऐवजी तो पोचा आलेला मोठा पेला. त्यानं एकदा भागीरथीकडे पाहिलं. मग पेला उचलला, आशीर्वादाची वचनं म्हटली, स्वतः एक घोट घेतला आणि तिच्या हातात दिला.

ती पहिल्या रांगेशी गेली. हितेशसमोर उभी राहिली. हितेशनं मान खाली घातली, हात जोडले आणि डोळे मिटले. तो प्रार्थना करत होता. प्रार्थनेत असलेल्या माणसाला हाक मारायची नसते. ती पुढे सरकली. नम्रताचे डोळे मिटलेले. तिच्यापलीकडच्या बाईचे मिटलेले. भागीरथी जसजशी सरके तसतसे पापण्यांचे पडदे पडत गेले, ओठ हलत राहिले. कोणी नको म्हटलं नाही. कोणी तोंड वळवलं नाही. जुन्या घरांतली दोन म्हातारी माणसं प्यायली, त्यातल्या एकाला धड दिसतही नव्हतं. एरवी या मंडळीत इतकी मनापासून प्रार्थना कधी झाली नसेल.

ती मागे वळली तेव्हा पेला जवळजवळ भरलेलाच होता. सतरंजीवरच्या सहा जणांचे डोळे सताड उघडे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

गोजर उठली. पदर सावरला. "टमटम जाईल, बाय," ती म्हणाली, आणि आवाजात राग असता तर भागीरथीला बरं वाटलं असतं. धाऊला हाताला धरून चंदरनं उठवलं. जाताना त्यांनी सतरंजीची घडी करून भिंतीशी ठेवली.

उरलेला रस टाकायचा नसतो. भागीरथीनं टेबलापाशी उभं राहून तो सगळा एकटीनं संपवला.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वाडीवरचं कोणी आलं नाही. भिवंडीकडच्या भट्टीवर गेली असं कळलं. ठिपक्याचे पेलेही नव्हते. नम्रतानं तोडगा काढला होता. आता ज्यानं त्यानं आपापला पेला घरून आणायचा, बुडाला नाव घालून. ताटात ओळीनं नावं चकाकत होती. तक्रारीला जागा नव्हती. सगळे सारखे.

भागीरथीनं सतरंजी उलगडली आणि मागे एकटीच बसली. किशोर ताट घेऊन तिच्यापाशी आला, वाकला.

"मावशी, तुमचाही आहे. नम्रतानं करून आणलाय."

नवा कोरा पेला. वळणदार अक्षरांत घातलेलं 'भागीरथी मावशी'. पुढच्या रांगेतून नम्रता मान वळवून बघत होती, आवडला का म्हणून.

भागीरथीबाईनं हात जोडले आणि डोळे मिटून घेतले.