जुनी लेथ निवडताना
लोखंड तापल्याचा वास आला की तुमसरचा तो भंगारवाला आठवते. घरी कारखाना टाकाचा म्हणून लोखंड कातायची जुनी लेथ मशीन पाहाले मी बायकोसंगं गेलो होतो. मशीन चुकली असती तर धंदा बसला असता. एक मशीन हिरव्या रंगानं चकचकीत, दुसरी गंजलेली. मी हिरवीवरच भाळलो. बायको मात्र त्या हिरवीच्या, ज्यावर हत्यार सरकते त्या लांब पट्टीवरून तळवा फिरवत राहिली. "भाभी, भाजी घेऊन राहिल्या काय?" भंगारवाला हसला. बायको म्हणे, "भाजी एका दिवसाची, भाऊ. ही जलमभर वागवाची आहे." मग मले म्हणे, "मधात झिजली, आपल्या मसाल्याच्या पाट्यावानी." मी हात लावला, तं खरंच खोलगा होता; अशा पट्टीवर काम वाकडंच निघते. गंजलेलीची पट्टी सरळ होती, आम्ही तीच आणली. आता बायको नाही. मशीन अजून सरळ काम देते, पण ते सांगाले घरात कोणी नाही.